भुशातले विमान

मनोहर इनामदारांनी आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्मरणिकेत लिहिलेला लेख माझ्या नातीने मला वाचून दाखवला. बारीक टाइप आता मला दिसत नाही. ऐकू मात्र स्वच्छ येते, आणि जे ऐकले त्यातले एकही वाक्य मी विसरलेलो नाही. मनोहर माझा वर्गमित्र. लेखाला त्याने विनोदी वळण दिले आहे, आणि विनोदाच्या आडून जे खपवता येते ते सारे खपवले आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे जेट प्रशिक्षण विमानाचा जो आराखडा माझ्या नावावर सांगितला जातो, त्याची कल्पना मला आमच्या बैलांवरून सुचली. पाहणीसाठी आलेल्या हवाई दलाच्या अधिकाऱ्याला आम्ही अनवाणी उभे करून त्याचा पाणउतारा केला. खळ्यावर भूस उडवून जो तमाशा मांडला त्यात कोणालाही काहीही दिसले नाही. आणि हसण्याच्या भरात माझी निवड होऊन गेली. या साऱ्याला त्याने 'भुशातले विमान' असे नाव दिले आहे. ते नाव मी त्याच्याकडून काढून घेत आहे. ज्याचे विमान, त्याचे शीर्षक.

आमचा वर्गमित्र करीम असता तर हे प्रकरण मी त्याच्यावर सोपवले असते. तो माझ्यापेक्षा चांगले सांगत असे आणि कमी चिडत असे. पण करीमला जाऊन बरीच वर्षे झाली, माझे वडील दादा आणि आत्या तर केव्हाच गेले, आणि पाहणीला आलेले पाहुणे त्या वेळीच उतारवयाकडे झुकलेले होते. खळ्यात उभे राहून ते सारे पाहिलेला माणूस आता मी एकटाच उरलो आहे. मी गप्प बसलो तर मनोहरचे तेवढे खरे ठरेल.

आमचे घर मुकुंदवाडीला. आज तिथे दवाखाने आणि शिकवणी वर्गांच्या पाट्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. तेव्हा ते औरंगाबादच्या पूर्वेचे एक लहान गाव होते, आणि शहर म्हणजे सायकलीवर जाऊन यायची गोष्ट होती. घर दगडमातीचे, वर माळवद. एका अंगाने रेल्वेचा रूळ जाई, दुसऱ्या अंगाला आमचे वावर, आणि वावराच्या पलीकडे चिकलठाण्याची धावपट्टी. वेरूळची लेणी पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना घेऊन डकोटा उतरे तेव्हा तिची सावली आमच्या तुरीवरून सरकत जाई आणि गोठ्यातली जनावरे दावी ताणत. माझी आई मी लहान असतानाच गेली होती. घर आत्या चालवीत असे, आणि आत्याला त्या विमानाचा मनस्वी राग होता. धपाटे थापता थापता आवाज कानावर आला की ती चुलीपुढूनच ओरडे, "आला बगा मेला, माजं दूध नासवायला." विमानाने दूध नासते हे तिचे मत शेवटपर्यंत बदलले नाही. मी पुढे विमानांच्या कामात सारी उमर घालवली, तरी सुट्टीत घरी आलो की ती दुधाचे भांडे माझ्यापासून जरा लांबच ठेवीत असे.

त्या घराचे आवाज मला अजून क्रमाने आठवतात. पहाटे जात्याची घरघर आणि तिच्याखाली आत्याची पुटपुट. मग दादांच्या खोकल्यासोबत उघडणारे गोठ्याचे फाटक. मग मनमाडकडची गाडी, जिची शिट्टी ऐकून आत्या तवा चुलीवर ठेवी. ज्वारीची भाकर, तिच्यावर लसणाचा ठेचा, ठेच्यावर कच्च्या तेलाची धार, आणि पितळी भरून ताक. हे खाऊन मी सायकल काढीत असे, आणि ड्रॉइंग हॉलमध्ये कागदाला माझ्या बोटांचा लसूण लागतो अशी तक्रार मनोहर तेव्हाही करीत असे. तेवढी तक्रार खरी होती.

निजामाचे राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी तिसरीत होतो. तोवरचे माझे गणित उर्दूत झाले. पुढे शाळा मराठी झाली आणि महाविद्यालय इंग्रजी. पण त्रिकोण मला आधी 'मुसल्लस' म्हणून भेटला आणि कोन 'ज़ाविया' म्हणून, आणि आजही कागदावर कोन मांडताना मनात ज़ावियाच उमटतो. करीमचेही तसेच. तो शहागंजचा, माझ्याच वर्गातला, आणि त्याच्या हातात असे काही कसब होते की लाकडाचा तुकडा हाती घेऊन तो गप्पा मारू लागला की गप्पा संपेपर्यंत त्याचे काहीतरी झालेले असे. आम्ही दोघे ड्रॉइंग हॉलमध्ये हळू आवाजात ज़ाविया, मुसल्लस करू लागलो की मनोहरला वाटे, आम्ही त्याच्याविषयी बोलतो आहोत. क्वचित बोलतही असू.

शेवटच्या वर्षी एक बातमी आमच्या वर्गात येऊन पडली. हवाई दलातल्या नव्या मुलांना शिकवण्यासाठी एक जेट विमान आपल्याच देशात घडवावे असे घाटत होते, आणि दक्षिणेतल्या एका आराखडा कचेरीने अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडूनही प्रस्ताव मागवले होते. आमच्या कागदांवरून कोणी विमान बांधणार नव्हते, हे आम्हालाही कळत होते. त्यांना माणसे शोधायची होती. महाविद्यालयागणिक एक प्रस्ताव, आणि तो पसंत पडला तर करणाऱ्याला त्या कचेरीत उमेदवारीची नोकरी. मी हे जेवताना दादांना सांगितले. दादा भाकरीचा तुकडा मोडीत राहिले.

"इमान करनार तू. आन् ते उतरनार कुठं? आपल्या हरभऱ्यात?"

"कागदावर काढायचंय, दादा."

"मंग बरं हाय. कागदावर हरभरा तुडवत न्हाई." त्यांनी ताकाचा घोट घेतला. "पन एक ध्यानात ठिव. परीक्षा झाली की एक तर तुजी ही कचेरी, न्हाई तर ह्ये वावर. मधी लटकायचं नाय. माजं गुडघं आता बोलाया लागल्यात."

त्यात अन्याय काही नव्हता. त्यांना दुसरा मुलगा नव्हता आणि जमिनीला दुसरा माणूस नव्हता. पण मला ते विमान हवे होते. किती हवे होते, हे मी त्या वेळी कोणाला सांगितले नाही, आणि आजही मोजून सांगता येणार नाही.

आता आराखड्याविषयी. मनोहरचे विमान सुरीसारखे होते: निमुळते, देखणे, विद्यार्थी पुढच्या आसनावर आणि शिक्षक त्याच्या मागे. त्या काळची लढाऊ जेट विमाने तशीच बारीक असत आणि मनोहरला देखणेपणाची ओढ पहिल्यापासूनच होती. माझ्या विमानात दोघे शेजारी शेजारी बसले. त्यामुळे विमानाचे डोके रुंद झाले, बेडकासारखे दिसू लागले, आणि हे मी नाकारीत नाही. पण ही कल्पना मला बैलांवरून सुचली, जुन्या बैलाशेजारी नवा खोंड जुंपतात त्यावरून, हे मनोहरचे म्हणणे मी सपशेल नाकारतो. शेतकऱ्याच्या मुलाला जे काही सुचते ते गोठ्यातच सुचते, असा शहरातल्या मंडळींचा एक लाडका समज आहे. माझी कल्पना ड्रॉइंग हॉलमध्ये जन्मली, आणि तिचा जन्म आमच्या हुपरीकर सरांच्या हातून झाला, त्यांच्या नकळत.

हुपरीकर सर आराखडे शिकवीत. विद्वान माणूस, इस्त्रीचा कोट, चकचकीत बूट. ड्रॉइंगच्या फळ्यांच्या रांगांमधून ते आमच्या पाठीमागून फिरत. तुमची रेघ चुकली की मागून आवाज येई, "चुकली," आणि तो आवाज येई तेव्हा रेघ कागदावर पुरती उतरलेली असे. त्यांच्याऐवजी कधी प्रात्यक्षिक घेणारे तरुण शिक्षक आले तर ते शेजारी स्टूल ओढून बसत. टी-स्क्वेअर घसरायच्या आधी त्यांचा हात आपल्या मनगटावर असे. मागे उभ्या माणसाला चूक दिसते ती घडल्यावर. शेजारच्याला ती हातात येतानाच दिसते. कागदावर खोडरबर चालतो. जमिनीकडे तोंड करून निघालेल्या विमानात काय चालणार? लढाऊ विमान शत्रू डोळ्यांपुढे ठेवून आखतात. शिकाऊ विमान आखताना मी चूक डोळ्यांपुढे ठेवली, आणि त्या चुकीच्या शेजारी शिक्षकाला बसवले.

सरांनी माझा कागद उचलून उजेडाकडे धरला.

"भास्कर, हे जेट आहे की बैलांची दमणी? दोघे शेजारी बसून तंबाखू मळणार आहेत का?"

वर्ग हसला. मनोहर जरा जास्त हसला. मग सर गंभीर झाले, आणि त्यांनी जे विचारले ते विचारण्यासारखेच होते. मी भांडखोर आहे, पण रास्त शंकेला रास्त म्हणण्याइतका सरळ आहे. ते म्हणाले, "तुझ्या या रुंद डोक्यामागे हवा फाटणार. फाटलेली हवा जाऊन शेपटीवर आदळणार. पोरगा चुकला आणि विमान गिरक्या घेऊ लागले की त्याला सावरायला शेपटी हवी, आणि नेमकी तेव्हा ती निकामी झालेली असणार. तुझा शिक्षक शेजारी बसून करणार काय? पोराचा हात धरून खाली जाणार?"

त्यांनी कागद माझ्या फळ्यावर परत ठेवला.

"हवा मागे सुरळीत जाते, हे निवडीला येणाऱ्या पाहुण्यांपुढे दाखव. नाही तर मनोहरचा आराखडा जाईल."

"पण सर, आपल्याकडे विंड टनेल नाही." प्रतिकृतीवरून वारा सोडून पाहायचा तो बोगदा मी फक्त पुस्तकात पाहिला होता.

"ते तू आणि तुझी दमणी बघा," सर म्हणाले आणि पुढच्या फळ्याकडे वळले.

ज्वारीच्या मळणीचे दिवस होते. आमचे खळे वावराच्या कडेला, धावपट्टीच्या बाजूला होते. शेणाने सारवलेले, गुळगुळीत, आणि रास पडेपर्यंत देवघराइतके सोवळे. पायताण घालून खळ्यात पाऊल टाकायचे नाही. आत्याचा हा नियम सर्वांना सारखा होता. वसुलीला आलेल्या तलाठ्यालाही तिने एकदा काठावरून परत पाठवले होते, आणि तलाठी दुसऱ्या दिवशी वहाणा काढून आला होता. तिसऱ्या प्रहरी धावपट्टीच्या बाजूने एकसारखा वारा सुटे. दादा तिवईवर चढून सुपातून ज्वारी सोडीत. दाणा सरळ खाली पडे आणि भूस वाऱ्याबरोबर लांब वाहत जाई. मी खाली पाट्या भरून देत होतो. कोणीतरी रिकामे घमेले खळ्याच्या टोकाला पालथे टाकले होते. भूस त्याच्यापर्यंत येई, दोन्ही बाजूंनी वळसा घाली, आणि घमेल्याच्या मागे मात्र एकाच जागी गोल गोल फिरत राही. मी पाटी हातात धरून उभा राहिलो. जन्मापासून मी उपणणी पाहत होतो. त्या दिवशी मला वारा दिसला.

"झोपला का काय रं?" तिवईवरून दादा म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी मी करीमला सायकलीवर डबलसीट घेऊन आलो. पांगाऱ्याचे हलके लाकूड गोठ्यात पडलेले होते. करीमने माझ्या मापांवरून त्यातून विमान काढायला घेतले आणि आत्याने भाकरी आणून ठेवल्या तरी मान वर केली नाही.

"करीम्या, भूक लागली आसंल तर सांग. लाकूड कुरतडू नको."

"आत्या, नई उड्या तो तुमच्या मुसळीच्या कामाला तरी येतंच की."

"माज्या मुसळीला नाक न्हाई. ह्येला बेडकाचं त्वांड हाय."

"तोंड भास्कर मियाँचं. मी फक्त लाकूड सोलतो."

विमान हातभर लांबीचे झाले. ते एका काठीवर आडवे बसवून, नाक वाऱ्याकडे करून आम्ही खळ्यात रोवले. दादा कुरकुरत तिवईवर चढले. बारीक भूस सुपातून सुटले, विमानाच्या नाकावर आले, आसनांवरच्या काचेच्या जागी कोरलेल्या फुगवट्यावरून चढले, आणि फुगवट्याच्या मागे घमेल्याच्या मागे फिरत होते तसेच फिरू लागले. शेपटीपर्यंत सरळ काही पोहोचतच नव्हते. हुपरीकर सर बरोबर होते. ती दुपार मला फार जड गेली.  करीमने काठीवरून विमान उतरवले आणि त्याच्या मानेमागे बोट फिरवीत बसला. मग म्हणाला, "इसकी पीठ बहुत जल्दी खत्म हो रही, मियाँ. एकदम खड्ड्यात उडी मारल्यासारखं."

तेच होते. फुगवटा संपताच पाठ एकदम खाली येत होती, आणि हवेला तेवढ्यात वळता येत नव्हते. मी विहिरीवर मोटेचे पाणी पडते त्या थारोळ्यातून ओली काळी माती आणली आणि फुगवट्याच्या मागे तिची लांब उतरती पाठ चढवली. पुढचे सगळे दिवस यातच गेले. माती चढवायची, भूस सोडायचे, भोवरा कुठे उठतो ते पाहायचे, माती खरवडायची, पुन्हा सोडायचे. दादा तिवईवरून बोलत राहिले. "आरं, भूस उडून चाललं माजं. जनावरांनी काय इमान चघळायचं?" पण सूप थांबले नाही, आणि एका दुपारी भूस नाकावरून चढले, काळ्या मातीवरून घरंगळत खाली आले आणि शेपटीच्या दोन्ही बाजूंनी सरळ निघून गेले, कुठेही न रेंगाळता. करीमने डोक्यावरची टोपी काढून परत घातली. दादांनी सूप झटकले आणि विचारले, "झालं का तुमचं? आता माजी ज्वारी उपणू का?"

भुशाने आकडा मिळत नाही, हे मला ठाऊक होते आणि आहे. मनोहरने हा मुद्दा आपल्या लेखात असा मांडला आहे की जणू तो त्यानेच शोधून काढला. भुशाने हवेची वाट कळते. मला तेवढीच हवी होती.

पाहुणे आले ते दोघे. एक विंग कमांडर, उंच, कानांवर पिकलेले केस, स्वतः कित्येक वर्षे मुलांना उडायला शिकवलेले. बोलणे ऐकताना ते आमच्याकडची मोसंबी सोलून खात होते. दुसरे त्या आराखडा कचेरीतले अभियंता, बाह्यांची बटणे मनगटापर्यंत लावलेले, फारच थोडे बोलणारे. सरांनी न्याय केला, हे नमूद करतो: त्यांनी आम्हा दोघांनाही बोलू दिले आणि निवड पाहुण्यांवर सोपवली. मनोहर उत्तम बोलला. त्याचे इंग्रजी आमच्यात सर्वांत चांगले होते. माझी पाळी आली तेव्हा विंग कमांडरांनी पहिल्याच वाक्याला मला थांबवले.

"साइड बाय साइड क्यों?"

मी ड्रॉइंग हॉलची गोष्ट सांगितली. मागून फिरणारे शिक्षक आणि शेजारी बसणारे शिक्षक. नावे घेतली नाहीत, पण हुपरीकर सर खिडकीबाहेर पाहू लागले. विंग कमांडरांनी मोसंबीची फोड हातातच धरली.

"मैं पीछे बैठकर सिखाता रहा हूँ," ते आपल्या सोबत्याला म्हणाले. "लड़के की गर्दन देखी है. हाथ कभी नहीं देखा."

अभियंता मात्र माझ्या कागदावर वाकले होते. त्यांनी बोट बरोबर फुगवट्याच्या मागे ठेवले आणि इंग्रजीत विचारले, हवा इथून शेपटीकडे सुरळीत जाते हे तुला कशावरून कळले?

"मी पाहिले आहे, सर."

"कुठे?"

"खळ्यावर."

मी खळ्याचे इंग्रजी करून सांगितले, भुशाचेही, आणि तेव्हा हॉल हसला. विंग कमांडरही हसले. मनोहर लिहितो, ते माझ्यावर हसले. त्यांनी हसत हसत रुमालाला हात पुसले, उठून उभे राहिले आणि विचारले, "कितनी दूर है?" ज्याच्यावर हसतात त्याच्या गावी जीप काढून कोणी जात नाही.

जीपमध्ये पाहुणे, सर, मनोहर आणि मी. करीम वर्दी द्यायला आधीच सायकलीने पुढे गेला होता. आम्ही पोहोचलो तेव्हा दादा तिवईवर बसून होते आणि वाऱ्याची झुळूकही नव्हती. दादांनी मूठभर भूस सोडून दाखवले. ते सरळ पायांशी पडले.

"वारा न्हाई," दादा म्हणाले.

"कधी येईल?" सरांनी विचारले.

"त्यो काय आमच्या गोठ्यात बांधून ठिवलाय का, सायेब?"

अभियंत्यांनी घड्याळ पाहिले. मनोहर माझ्याकडे पाहून हसला, आणि ते हसू मला आजही चेहऱ्यासकट आठवते. एवढ्यात विंग कमांडर खळ्याकडे निघाले आणि काठावर आत्या आडवी आली. डोक्यावर पदर, हातात खराटा.

"बूट काढा, सायेब."

 सर घाईने पुढे झाले. "अहो बाई, हे हवाई दलाचे मोठे अधिकारी आहेत."

"आसतील की. रास पडायची हाय अजून. तलाठ्यानं काढल्या व्हत्या, ह्ये तर त्येच्याहून शाने दिसत्यात."

करीमने तिचे बोलणे हिंदीत सांगितले, आणि मला वाटते, थोडे गोड करून सांगितले. विंग कमांडर काठावर खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. पाणउतारा झाला, असे मनोहर लिहितो. मी तो चेहरा पाहिला आहे. त्यांनी मोजे काढून बुटात खोचले, सारवलेल्या जमिनीवर पाय टेकले आणि म्हणाले, "मेरे गाँव में भी यही था. मेरी माँ लकड़ी लेकर बैठती थी." अभियंत्यांनीही बूट काढून एका रेषेत ठेवले. हुपरीकर सर म्हणाले, मला इथूनही दिसते, आणि बाभळीच्या सावलीत जाऊन उभे राहिले. मनोहर सरांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्याचे बूट नवे होते.

आम्ही थांबलो. आत्याने ताक आणले, धपाटे आणले, वर शेंगदाण्याची चटणी. बाभळीखालीही नेऊन दिले. अन्नाला तिचा नियम नव्हता. विंग कमांडर जमिनीवर मांडी घालून जेवले आणि दुसरे धपाटे मागून घेतले. दादा तिवईवरून धावपट्टीकडे पाहत होते. ते माझ्याकडे पाहत नव्हते, आणि त्यांच्या मनात काय चालले असेल हे मला कळत होते: वारा आला नाही तर हा मुलगा आजपासून माझ्याजवळ राहील. त्यात त्यांना वाईट वाटण्यासारखे काय होते? म्हणून पुढचे जे घडले ते मी अधिक मोलाचे मानतो. पलीकडच्या तुरीचे शेंडे हलले असतील नसतील, तोच दादा तिवईवर उभे राहिले आणि गुडघे विसरून ओरडले, "भास्करा, रोव तुजं इमान."

पहिल्यांदा मी मातीची पाठ उतरवून नुसते लाकूड लावले. भूस फुगवट्याच्या मागे गरगरले. अभियंता गुडघ्यांवर बसले. मग मी काळ्या मातीची पाठ चढवली आणि बाजूला झालो. भूस चढले, घरंगळले, शेपटीवरून सरळ गेले. अभियंत्यांनी हात वर करून दादांना थांबवले, मातीचा थोडा भाग अंगठ्याने खरवडला आणि पुन्हा सोडायची खूण केली. भोवरा परतला. त्यांनी माती पुन्हा लावली, भोवरा गेला. त्यांनी नाक वर उचलून पाहिले, बाजूला वळवून पाहिले. त्यांच्या शर्टाच्या बाह्या कधी दुमडल्या गेल्या ते कोणाच्या लक्षात आले नाही, आणि केसांत, भुवयांत, कानांत भूस भरले होते. दादा भूस सोडीत होते आणि या वेळी भुशाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. शेवटी अभियंता उठले, हातांची माती एकमेकांवर घासली आणि पहिल्यांदाच थेट मला उद्देशून बोलले. ही पाठ लाकडात कोरायची, म्हणाले, आणि किती लांब ठेवायची ते आमच्या बोगद्यात मोजू. तू मोजशील.

विंग कमांडरांनी दादांकडे पाहून विचारले, "आपका लड़का हमको देंगे?"

दादा सूप हातात घेऊन तिवईवर उभे होते. करीमने मराठी करायला तोंड उघडले, पण दादांनी हाताने थांबवले. निजामाच्या राज्यात निम्मे आयुष्य काढलेल्या माणसाला तेवढे कळत होते.

"ले जाओ," ते म्हणाले. मग आम्हाला कळावे म्हणून मराठीत म्हणाले, "इमान त्येचं हाय. वारा आमचा व्हता, एवडं तिकडं सांगत जा." आणि ते ज्वारी उपणायला लागले, कारण वारा चांगला सुटला होता.

मी गेलो. पुढे मुलांना शिकवायची जेट विमाने आकाशात गेली आणि त्यांत दोन डोकी शेजारी शेजारी बसली. ते विमान माझे होते, असे मी कोठेही म्हटलेले नाही. ते अनेकांचे होते आणि त्या अनेकांत मी होतो. दादांनी वावर बटाईने दिले, आणि धावपट्टीवर काही उतरले की शेजाऱ्यांना बोट करून दाखवीत, मग ते वेरूळच्या पाहुण्यांचे डकोटा का असेना.

राहता राहिला मनोहरचा मुद्दा, की खळ्यावर कोणालाही काही दिसले नाही. या वाक्यावर मी बराच विचार केला, आणि त्याने ते खोटे लिहिले असे मी म्हणत नाही. बाभळीखालून त्याला काही दिसले नसणारच. भूस बारीक होते, ऊन समोरून होते, आणि ज्यांना पाहायचे होते ते काठीपासून वीतभर अंतरावर, गुडघ्यांवर बसले होते. मधल्या त्या दहा पावलांसाठी त्याला फक्त बुटाच्या नाड्या सोडायच्या होत्या.

ते विमान माझ्या कपाटावर आहे. त्याची पाठ मी पुढेही लाकडात कोरू दिली नाही. आमच्या वावराची काळी माती तिच्यावर अजून तशीच आहे, वाळून दगड झालेली. मनोहर, तुझे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत असे ऐकतो. ये एकदा. दारात बूट काढ, आणि आत येऊन जवळून पाहा.